विमानाचा डावा पाय

आष्टा,
८ जुलै १९७४

ति. दादास शालूचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. म्हणजे माणसं बरी आहेत. विमानाचा डावा पाय मोडला आहे.

तुला हसू आलं असेल. पण ह्यांच्या पुतण्याच्या, लालासाहेबाच्या लग्नात हसलास तेवढं पुरे झालं. भर पंगतीत तू म्हणालास, "दाजी, हे इमान न्हाई, उसाच्या ट्रेलरला पंखं लावल्यात तुमी." त्या दिवसापासून ह्यांनी तुझं नाव टाकलंय. घरात तुझा विषय निघाला तर हे उठून शेडात जातात. दोन वर्षं झाली, आणि तेवढ्या रागावर त्यांनी ते विमान पुरं केलं. लाकडाचा सांगाडा, वर कापड, मुंबईहून आणलेलं जुन्या मोटारीचं इंजिन, आत दोन माणसांची बैठक. पुण्याच्या फ्लाइंग क्लबात खेटे घालून चालवायलाही शिकून आले. आता गावाबाहेरच्या माळावर रोज सकाळी ते जमिनीवरच पळवून बघतात.

परवा पळवता पळवता डावं चाक आत दुमडलं आणि विमान एका अंगावर बसलं. ह्यांना खरचटलंही नाही. म्हणाले, "खड्डा व्हता." मी दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तेव्हा सगळा माळ बघून आले. खड्डा मला दिसला नाही.

तू विमानदलात इतकी वर्षं विमानांचे पायच दुरुस्त केलेस, म्हणून तुला विचारते. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. आज जमिनीवर मोडलं, उद्या वरून खाली येताना मोडलं तर काय? हे थांबवायला मी काय करू? कुठला नट काढून लपवून ठेवला की ते कायमचं बंद पडेल, तेवढं कळव. उत्तर शेजारच्या बनाबाईंच्या नावानं घाल. ह्यांना कळता कामा नये.

तुझी
शालू


पाचगणी,
१५ जुलै १९७४

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. नट काढून ठेवायचा विचार परत मनात आणलास तर मी बहीण म्हणून तुझं नाव टाकीन. नट काढलेलं विमान बंद पडत नाही. ते चालू होतं आणि मग मोडतं. ज्याला उडायचंच आहे तो उडणार. आपल्या हातात एवढंच असतं की तो खाली नीट उतरावा.

दाजींचं म्हणशील तर खड्डा-बिड्डा काही नाही. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस आहे, ब्रेक मारला की उभाच राहतो ब्रेकवर. विमानाचे पाय तेवढं सोसत नाहीत. त्यांना सांग ब्रेक हळू, तुकड्या-तुकड्यानं दाबा. माझं नाव न घेता सांग. कसं सांगायचं ते तू बघ, नवरा तुझा आहे.

आमच्याकडे एक रीत होती. विमान दुरुस्त होऊन बाहेर आलं की पायलट साहेब तपासणाऱ्याला म्हणायचा, चल, बस मागं. ज्यानं तपासलं त्यानं बसायचं. माझ्या हातून गेलेल्या कितीतरी विमानांत मी असा बसलोय. पहिल्यांदा बैठकीचा दांडा घट्ट धरून बसलो होतो. पण त्यामुळे हात कधी चुकारपणा करत नाही.

मी इथं शाळेच्या बसगाड्या सांभाळतो. धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही आणि रोज कोणाचे तरी आईबाप मोटार नाल्यात घालून ठेवतात. ती काढायलाही मीच. तब्येत चांगली आहे.

सयाजी


आष्टा,
१९ ऑगस्ट १९७४

ति. दादास नमस्कार.

तुझं ब्रेकचं मी सांगितलं. जेवताना मी सहज म्हणाले, "आवं, ब्रेक जरा दमानं मारत जावा." ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, बैलाला एकदम कासरा ओढला तर बैलसुद्धा गुडघ्यावर येतो, त्यात सांगायचं काय? पटलं. महिनाभर ब्रेक अगदी हळू मारले, मी स्वतः उभी राहून बघितलं.

आणि काल उजवा पाय मोडला.

काल पहिल्यांदा विमान जमिनीवरून सुटलं. फार नाही, माणसाच्या कमरेएवढं. लगेच खाली टेकलं आणि टेकताच उजवं चाक निखळून पुढं पळत गेलं. पुढचा फिरता पंखा फुटला. ह्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं. मी धावत पोचले तर हे त्याच टेंगळानिशी हसत होते, "शालू, सुटलं गं! जमिनीवरनं सुटलं!" दादा, त्या माणसाला रागवावं की कवटाळावं मला कळेना. लोक होते म्हणून दोन्ही केलं नाही.

ह्या वेळेला मी मोडका तुकडा उचलून घरी आणलाय. नळीला चाकाचा आस जिथं वेल्डिंग करून जोडलाय तिथंच मोडलंय. मोडलेलं तोंड बघितलं तर निम्मं नव्या पैशासारखं चकचकीत आणि निम्मं काळपट. कपाला आधीच तडा गेला असला की त्यात चहाचा रंग चढतो ना, तसं. ह्याला काही अर्थ आहे का?

घाईनं कळव. हे म्हणतात दसऱ्याला उडायचंच. सगळं गाव शीव ओलांडून सोनं लुटायला जातं, तेव्हा हे वरून सीमोल्लंघन करणार. गावभर सांगून झालंय.

शालू


पाचगणी,
२६ ऑगस्ट १९७४

चि. शालूस आशीर्वाद.

ब्रेकचं मी लिहिलं ते चुकलं. दाजींना दोष देण्याची मला घाई झाली होती.

तू जे पाहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. काळपट भाग हा जुना तडा. तो त्या दिवशी पडलेला नाही. वेल्डिंग झाल्यापासून तो तिथं होता आणि रोज धक्का बसेल तसा आत सरकत होता. चकचकीत भाग त्या दिवशी मोडला, कारण धरून ठेवायला तेवढाच उरला होता. म्हणजे खड्डा नाही, ब्रेक नाही. सांधाच कच्चा आहे.

आता एक कर. वेल्डिंग कोण करतो त्याला विचार की सांधा झाल्यावर तो गार कसा करतोस. एवढंच विचार, आणि तो बोलेल ते जसंच्या तसं मला लिही.

टेंगळावर काय लावलंस?

सयाजी


आष्टा,
२ सप्टेंबर १९७४

ति. दादास नमस्कार.

टेंगळावर हळद लावली. वेल्डिंग गुंडा करतो. मूळचा लोहाराचा पोरगा, आता बाप्या झालाय, ह्यांचा उजवा हात. त्याला चहा दिला आणि विचारलं. त्याचे शब्द असे:

"पानी देतो की वैनी. सांदा लाल असतानाच बादलीत बुडवायचा. चर्र वाजलं पायजे. आमचा बा नांगराच्या फाळाला असंच पानी द्यायचा, फाळ दगडावर गेला तरी वाकायचा न्हाई. इमानाच्या पायाला तर मी दोनदा पानी दिलंया. मालकाच्या जिवाचा सवाल हाय."

लय अभिमानानं सांगत होता. ह्यात काही चुकलं का? नवा उजवा पाय पुढच्या आठवड्यात जोडणार आहेत.

शालू


पाचगणी,
५ सप्टेंबर १९७४

चि. शालूस आशीर्वाद.

इथंच सगळं चुकलंय. गुंड्याला रागवू नकोस, फाळाला त्याच्या बापानं दिलं ते बरोबरच होतं. फाळ कडक लागतो, कारण त्याला झिजायचं असतं. विमानाच्या पायाला चिवट राहावं लागतं, कारण त्याला धक्का खाऊन परत सरळ व्हायचं असतं. कंदिलाची काच तापलेली असताना वर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं, तुला माहीत आहे. तापलेल्या सांध्याला पाणी दिलं की तो कडक होतो आणि आतून तडकतो.

नवा सांधा झाल्यावर कोरड्या राखेत पुरून ठेवायला सांग. आपोआप गार होऊ दे. पाण्याचा थेंब नको.

पण शालू, डावा पायही जुलैत ह्याच गुंड्यानं जोडलाय. त्यालाही पाणी पाजलंय. तो पुन्हा नव्यानं जोडला पाहिजे. दाजी ऐकत नसतील तर निदान तू तपासून बघ. रीत सांगतो. सांधा कापडानं पुसून लखलखीत करायचा. त्यावर रॉकेल चोळायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं. मग कोरड्या फडक्यानं इतकं पुसायचं की बोटाला ओल लागता कामा नये. वर खडूची बारीक पूड टाकायची आणि बघत बसायचं. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली काळी रेघ उठते. तडा नसेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. आमच्याकडे ह्याला महागडी औषधं असायची, पण अडल्यावर मी हेच करत आलोय.

सयाजी


आष्टा,
१ ऑक्टोबर १९७४

ति. दादास नमस्कार.

उशीर झाला, पण बातमी चांगली आहे. गुंड्याला कंदिलाच्या काचेची गोष्ट सांगितली तर कपाळावर हात मारून घेतला. उजवा पाय माझ्या चुलीतल्या चाळलेल्या राखेत गार झाला. ह्यांना आम्ही दोघांनी काही सांगितलं नाही. त्यांचं सगळं लक्ष नव्या पंख्यात.

डाव्या पायाचं मात्र जमलं नाही. नुसतं म्हटलं, तोही सोडवून नव्यानं जोडा, तर म्हणाले, "त्यात जाड नळी घातलीया. त्याला काय धाड भरलीया?" मग मी तू सांगितलंस तसं तपासलं, हे सांगलीला गेलेले असताना. खडूऐवजी रांगोळी घेतली, पातळ लुगड्यातून चाळून. पांढरं ते पांढरंच राहिलं, रेघ उठली नाही. बराच वेळ बसले होते. इतकं हलकं वाटलं की तिथंच बसून रडून घेतलं.

आता दसऱ्याची जोरात तयारी आहे. हे रोज दोन्ही वेळा विमान पळवतात. खंडेनवमीच्या आधी गुंडा दोन्ही पाय लाल रंगानं रंगवणार आहे, म्हणजे लांबून छान दिसतील. तू आला असतास तर किती बरं झालं असतं.

शालू


पाचगणी,
१९ ऑक्टोबर १९७४

शालू,

शाळेची सहल घेऊन मी गोव्याला गेलो होतो, आज आलो आणि तुझं पत्र हाती पडलं. त्यामुळे आशीर्वाद-बिशीर्वाद राहू दे, मुद्द्याचं लिहितो.

एकदा तपासलं म्हणजे झालं, असं नसतं. हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं. तडा वाढतो. महिन्याभरापूर्वी केसाएवढाही नसेल, रोज दोन वेळा पळवल्यावर आता असू शकेल. आणि रंग लावायचा नाही! रंग तड्याला झाकतो, बाकी काही करत नाही. उड्डाणाआधी डावा पाय पुन्हा तपास, रंग लागला असेल तर खरवडून काढून तपास. तपासल्याशिवाय दाजींना वर जाऊ देऊ नकोस. माझं नाव सांगावं लागलं तर खुशाल सांग. वाटेल तेवढं भांडण होऊ दे.

सयाजी


आष्टा,
२६ ऑक्टोबर १९७४

सयाजीराव यांस नाथाजीचा रामराम.

आपण दोन वर्षं बोललो नाही. तुम्ही पंगतीत जे बोललात ते मी विसरलेलो नाही आणि हे पत्र त्याकरता नाही. घडलं ते कळवतो.

खंडेनवमीला सकाळी शेडात हत्यारं पुजली. पान्हे, हातोड्या, कानशी, वेल्डिंगचा होल्डर, सगळं पाटावर मांडलं. हळद-कुंकू, झेंडू. विमानाला मोठा हार. आमच्या वडिलांपासूनची रीत अशी की एकदा पूजा झाली की दसरा पार पडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आजवर कोणी लावलेला नाही.

मी प्रसाद वाटायला बाहेर गेलो. परत येतो तर तुमची बहीण विमानाखाली मांडी घालून बसलेली. शेजारी रॉकेलची बाटली, रांगोळीचा डबा, आणि हातानं डाव्या पायाचा रंग खरवडायचं चाललेलं. मी ओरडलो. सणाच्या दिवशी, चार माणसं दारात असताना, पुजलेलं हत्यार उचललं म्हणून. तिनं हात वर करून दाखवला. म्हणाली, "आवं, उलथन्याची पूजा कुटं केलीया तुमी?"

स्वयंपाकघरातलं उलथनं होतं.  तरी बोललो, बरंच बोललो. ती तिचं काम करत राहिली. रॉकेल चोळलं, पुसलं, वर रांगोळी टाकली. मग म्हणाली, "आता गप बसा आनि हितं बगा."

थोड्या वेळानं पांढऱ्यावर काळी ओली रेघ उमटली. आसाच्या भोवती निम्मी फिरलेली. मी धोतराच्या सोग्यानं पुसून काढली. तिनं पुन्हा रांगोळी टाकली. रेघ पुन्हा आली, तिथंच.

मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं. तिनं तुमचं नाव घेतलं. जुलैपासूनचं सगळं सांगितलं, पाण्याचं, राखेचं, बनाबाईंच्या पत्त्याचंसुद्धा. शेवटी म्हणाली, "तुमास्नी माजा राग आला तर येऊ द्या. मला तुमी जिते पायजे हाय." सयाजीराव, एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. गुंडा कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता.

दसऱ्याला सगळा गाव माळावर जमला होता. मी सांगितलं की विमानाचा पाय तडकलाय, आज उडणार नाही. काही जण हसले. गर्दीतला नानासो म्हणाला, "दसऱ्याला सोनं लुटायचं सोडून आमी हितं काय बघाय आलो?" मी ऐकून घेतलं आणि सगळ्यांबरोबर पायी शीव ओलांडली. घरी येऊन तुमच्या बहिणीला पहिलं सोनं दिलं.

काल दसरा सरला तशी हत्यारं उचलली आणि डावा पाय सांध्यावर कापून बघितला. निम्म्याहून जास्त काळा होता. त्यावर मी उतरणार होतो.

ट्रेलरला पंख लावलेत हे तुमचं मत असेल तर तसं. पण ट्रेलरचे पाय तुम्हाला येतात, मला येत नाहीत. यावं.

नाथाजी


पाचगणी,
३० ऑक्टोबर १९७४

दाजी, रामराम.

शनिवारच्या एस.टी.नं येतो. मी येईपर्यंत काही जोडू नका. राख चाळून कोरडी ठेवा आणि रंगाचे डबे शालूच्या ताब्यात द्या.

पंगतीत मी बोललो ते चार माणसांत बोलायला नको होतं. तुमचं ते विमान जमिनीवरून सुटलं हे शालूनं ऑगस्टमध्ये लिहिलं, तेव्हा मी इथं शाळेतल्या सगळ्या ड्रायव्हरांना सांगत सुटलो की आमच्या दाजींचं विमान आहे.

सयाजी


आष्टा,
१२ जानेवारी १९७५

ति. दादास शालूचा नमस्कार.

तू गेलास आणि शेडात चुकल्यासारखं झालं. तुम्ही दोघं आठवडाभर त्या एका पायावर भांडत होतात, राख किती आणि नळी कुठली, पण जेवायला मात्र एका ताटावर बसल्यासारखे बसत होतात. गुंडा आता प्रत्येकाला कंदिलाच्या काचेची गोष्ट सांगतो, जणू त्यालाच सुचली.

हे डिसेंबरात एकटे उडाले ते तुला तारेनं कळवलंच आहे. मी त्या दिवशी वर बघितलंच नाही. सगळा माळ माना वर करून होता आणि मी एकटी जमिनीकडे बघत उभी, चाकं कुठं टेकतील तिथं. टेकली, उसळली, परत टेकली आणि पळत राहिली. 

त्यानंतर रोजची रीत झाली आहे. पाय उघडेच, रंग नाही, नुसता तेलाचा हात. उडायच्या आधी मी रॉकेल आणि रांगोळी घेऊन खाली बसते. मी बोलल्याशिवाय हे इंजिन चालू करत नाहीत. बनाबाई गावभर सांगतात की शालूबाई दारात रांगोळी काढायची सोडून विमानाला काढते.

आता खरं सांगायचं ते. काल सकाळी असंच मी दोन्ही पाय बघितले आणि म्हणाले, "चांगलं हाय. जावा." हे बसले नाहीत. उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यानं तपासलं त्यानं बसायचं. तुज्या दादाच्या विमानदलाची रीत हाय. त्यानंच सांगितलं मला." दादा, हे तू त्यांना कधी सांगितलंस? मी पदर कमरेला खोचला, पुन्हा काढला, पुन्हा खोचला. म्हणाले, "भ्या वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे." मग मात्र मी बसले. आमच्या परवान्यात हे बसतं का, ते विचारू नकोस.

बैठकीचा दांडा घट्ट धरून बसले, तू लिहिलं होतंस तशीच. वरून आपला माळ केवढासा दिसतो. सगळीकडं ऊस, मधून नदी. मी ह्यांच्या कानात ओरडून विचारलं, "शीव कुटं गेली?" तर म्हणाले, "कवाच मागं पडली." मला हसू आवरेना, त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार म्हणून मोठ्यानं हसून घेतलं. हे मागं वळून बघत होते. मी म्हणाले, पुढं बघा.

उतरताना डोळे मिटायचे असं ठरवलं होतं, पण मिटले नाहीत. डावं चाक आधी टेकलं. मला ते पाठीला कळलं, जसं माझाच पाय टेकावा तसं. मग उजवं. दोन्हीनं धरून ठेवलं.

विमान थांबलं, सगळे धावत आले, हे हात देऊन मला उतरवायला उभे राहिले. मी उतरले ती तशीच खाली बसले आणि डाव्या पायाचा सांधा बोटानं चाचपून बघितला. कोरडा होता. मग उठून पदर सावरला.

तुझी
शालू